पाणी गाळून, शेत गिळून

मागच्या मार्गशीर्षात आम्ही चार जोडपी बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो. देवदर्शनाला नव्हे, प्लॉट बघायला. गाडीत गाळून उकळलेल्या पाण्याचे थर्मास होते, कांदा-लसूण-बटाटा नसलेले डबे होते, आणि परतीचं जेवण सूर्य मावळायच्या आत झालं पाहिजे म्हणून सगळ्यांची घाई होती. त्या घाईतच डिचोली तालुक्यातल्या एका गावात आम्ही ती जमीन बघितली. वरच्या अंगाला काजू-आंब्याची उतरण, खाली सरदाचं भात कापून मोकळं झालेलं शेत, मधून एक ओहोळ.

मी एजंटला सहज विचारलं, “इथं झोन कुठला आहे हो?”

“आत्ता वरचा ऑर्चर्ड आहे, वहिनी. खालचा भाताचा. पण तुम्ही त्याचं टेन्शन घेऊ नका. झोन बदलून मिळतो की. अर्ज टाकायचा, फी भरायची. सेटलमेंट झालं की भाव कुठल्या कुठे जातो.”

कुणी काही बोललं नाही. आमच्यातली एक तेवढी म्हणाली, “आपल्याला कुठं तिथं घर बांधायचंय? ठेवायचा नुसता.”

हा सगळा लेख त्या एका वाक्यावर आहे. ‘ठेवायचा नुसता.’

झोन म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कुणी नीट सांगत नाही. नवऱ्यांना कळतं, एजंटला कळतं, वकिलाला कळतं. आपल्याला फक्त सही कुठं करायची ते दाखवतात. म्हणून आधी साधं सांगते. सरकार गावाचा, तालुक्याचा, शहराचा नकाशा करतं आणि त्यावर रेघा ओढून ठरवतं की इथं घरं होतील, इथं शेती राहील, इथं बागायत, इथं जंगल, आणि या उतारावर कुणी कुदळ मारायची नाही. गोव्यात यासाठी १९७४चा नगर आणि ग्राम नियोजन कायदा आहे आणि त्याखाली प्रादेशिक आराखडा होतो. घरं बांधायच्या भागाला तिथं सेटलमेंट म्हणतात. आपल्याकडे कर्नाटकात १९६१चा कायदा आहे आणि शहराचा मास्टर प्लॅन असतो. नाव कुठलंही असो, रेघेचा अर्थ एकच: इथपर्यंत माणूस, त्यापुढं बाकीचं जग.

गोव्याच्या लोकांना ही रेघ फुकट मिळालेली नाही. २००६ साली तिथं ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला, तेव्हा डोंगर, शेतं, किनारे बिल्डरांना मोकळे होणार म्हणून माणसं रस्त्यावर आली. ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. जानेवारी २००७मध्ये सरकारला तो आराखडा मागं घ्यावा लागला. मग कृती दल नेमलं गेलं. त्यात चार्ल्स कोरिया यांच्यासारखे मोठे वास्तुविशारद होते. नकाशे गावागावांत गेले, ग्रामसभांनी ते पसरून बघितले, इथं आमचं तळं आहे, इथं खाजन आहे, इथं झर आहे असं सांगून सूचना दिल्या. त्यातून ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ झाला आणि २०११मध्ये अधिसूचित झाला. त्यात राज्याची सुमारे ८० टक्के जमीन दोन पर्यावरण-संवेदनशील गटांत धरली आहे. जंगलं, जलाशय, खारफुटी, भातशेती, खाजनं पहिल्या गटात. बागायती, लागवडीच्या जमिनी, मिठागरं, तीव्र उतार दुसऱ्यात. आमच्या एजंटने दाखवलेली उतरण दुसऱ्या गटातली आणि खालचं शेत पहिल्या. म्हणजे आम्ही जे विकत घ्यायला गेलो होतो, ते विकून घरं बांधायची नाहीत असं त्या राज्याने, गावांना विचारून, आधीच लिहून ठेवलेलं होतं.

मग एजंट ‘बदलून मिळतो की’ कशाच्या जोरावर म्हणाला? त्यालाही कायदाच कारण आहे. २०१८मध्ये मूळ कायद्यात १६-ब हे कलम आलं, २०२३मध्ये १७(२), २०२४मध्ये ३९-अ. तपशील वेगवेगळे, पण वाट एकच: सगळा आराखडा नव्याने न करता एकेका जमिनीचा झोन बदलायची. १७(२) तर म्हणतं की आराखड्यात ‘अनवधानाने’ राहिलेल्या चुका दुरुस्त करायच्या. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. पण ३९-अ आहे. एक वाट बुजली की शेजारून दुसरी पडते.

मला त्या ‘अनवधान’ शब्दाचीच मौज वाटते. घरात माझ्या हातून मीठ दोनदा पडलं, तर ती नजरचूक. पण मालकाने अर्ज केला की सापडते, फी भरली की सुधारते, आणि दरवेळी सुधारून शेताचा प्लॉटच होतो, ती कसली नजरचूक? प्लॉटचं चुकून शेत झालं होतं ते पुन्हा शेत केलं, असं कुणी कधी अर्ज करून घेतल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

इथपर्यंत वाचून म्हणाल, हे राजकारण झालं, याचा आपल्या स्वाध्यायाशी काय संबंध? बायांनो, सगळा संबंध तिथंच आहे.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्र वाचतो. सातव्या अध्यायात व्रतं येतात आणि प्रत्येक व्रताचे अतिचार येतात. परिग्रहपरिमाणाचे अतिचार आठवा. सोनं-रुपं नंतर, धन-धान्य नंतर. पहिलं नाव आहे क्षेत्र आणि दुसरं वास्तू. शेत आणि घर. दागिन्यांच्या आधी आचार्यांनी जमिनीला मर्यादा घालायला सांगितली. आपण मात्र चातुर्मासात मुनीमहाराजांसमोर साड्यांची संख्या ठरवतो, भाज्यांची संख्या ठरवतो, “या वर्षी हिरवी पालेभाजी सोडली” म्हणून सांगतो. ‘माझ्या नावावर दोनाहून जास्त जमिनी असणार नाहीत’ असा नियम घेतलेली श्राविका मला अजून भेटायची आहे.

त्यापुढचं सूत्र बघा. दिग्व्रत. दहा दिशांना मर्यादा घालून घ्यायची, आणि ती मर्यादा सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणांनी सांगायची: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत. रत्नकरंड श्रावकाचारात हेच सांगितलेलं आहे. आता मला सांगा, ओहोळ ही हद्द, खाजनाचा बांध ही हद्द, डोंगराचा उतार ही हद्द, असं लिहिणारा आराखडा आणि हे व्रत यांत फरक किती? एक माणसाने स्वतःला घातलेलं, दुसरं राज्याने स्वतःला घातलेलं.

आणि दिग्व्रताचे अतिचार? वर ओलांडणं, खाली ओलांडणं, आडवं ओलांडणं, हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने घेतलेली मर्यादा वाढवून घेणं. पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली मर्यादा विसरणं. आचार्यांनी आपल्या झोनबदलाचे सगळे प्रकार लिहून ठेवलेत! डोंगर कापला तो खाली ओलांडणं, मजले चढवले तो वर, शेतात शिरलो तो आडवा. अर्ज टाकून रेघ हलवली ती क्षेत्रवृद्धी. आणि ‘अनवधानाने चूक झाली होती’ हे स्मृत्यंतराधान. फरक इतकाच की आपल्याकडे मर्यादा विसरणं हा दोष आहे, आणि तिथं तो अर्जातला रकाना.

यावर एका भाभींनी मला फोनवर सुनावलं, “अगं, पण नांगर चालवला तरी जीव मरतातच की. उलट प्लॉट नुसता पडून राहिला तर हिंसा कमी.” या युक्तिवादाला उत्तर दिलंच पाहिजे, कारण तो आपल्यात फार चालतो.

हिंसेचे चार प्रकार आपण पाठ केलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. नांगराची हिंसा उद्योगी. पोटासाठी, घर चालवण्यासाठी, टाळता न येणारी. श्रावकाला ती सुटत नाही, म्हणून शास्त्राने ती समजून घेतली. आपण दक्षिणेतले जैन तर पिढ्यानपिढ्या शेतकरीच. बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर, सांगलीकडच्या आपल्या घरांत बैल होते, नांगर होते आणि बस्तीही होती. पण ज्याची गरज नाही, ज्यात राहायचं नाही, ज्यातून पीक घ्यायचं नाही, अशा जमिनीसाठी माती खणणं, पाणी अडवणं, झाडं तोडणं याला काय म्हणतात? त्यालाही शास्त्रात नाव आहे. अनर्थदंड, आणि त्यातली प्रमादचर्या. विनाकारण केलेली हिंसा. ‘ठेवायचा नुसता’ हा अनर्थदंडाचा चालू मराठीतला अनुवाद आहे.

आणि प्लॉट ‘नुसता’ पडून राहत नाही, हेही त्या भाभींना माहीत नाही. प्लॉट पडला की आधी रस्ता येतो. रस्त्यासाठी शेतात भराव पडतो, तांबडी माती आणि चिरे. भरावाखाली ओहोळाची तोंडं बुजतात. मग कुंपण, मग फाटक. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी उतरणीवरून येऊन खालच्या शेतात थांबतं, मुरतं, गावच्या विहिरीला पोचतं. शेताला जागा राहिली नाही तर पाणी माणसाच्या घरात जागा शोधतं, आणि फेब्रुवारी-मार्चात विहीर तळाला जाते. खाजनाचं तर आणखी नाजूक काम. खाडीचं खारं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटी सांभाळायची, आणि आत भात पिकवायचा. अनेक शतकं गावाने मिळून राखलेली ही व्यवस्था. एका मालकाने आपल्या तुकड्यात भराव घातला, तर तो फक्त त्याच्या तुकड्यापुरता राहत नाही.

त्या शेतात किती जीव असतात, याची मोजदाद आपल्याइतकी कुणाला येते? गोगलगाय, गांडूळ, खेकडा, बेडूक, काजवा, बगळा. दोन इंद्रियांपासून पाच इंद्रियांपर्यंतची सगळी माळ एका वाफ्यात. आपण घागरीतलं पाणी दुहेरी फडक्याने गाळतो. जुन्या बायका तर गाळल्यावर फडक्यात राहिलेले सूक्ष्म जीव हलक्या हाताने त्याच विहिरीत परत सोडायच्या, दुसऱ्या विहिरीत नाही, कारण त्यांचं घर ते. माझ्या आजेसासूबाई विहिरीत वाकून ते करायच्या, मी बघितलंय. त्यांची नातसून आख्खी विहीर आटवायला निघाली होती, थर्मासमध्ये गाळलेलं पाणी घेऊन.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही एकांगी आहे. माणसांना घरं लागतात. गोव्याच्या गावातल्या मुलाला लग्नानंतर खोली काढायला जागा नसते. मुंडकाराला, कुळाला, नोकरदाराला परवडणारं घर मिळत नाही. शेती करायला माणूस मिळत नाही, शेत पड राहतं, म्हातारा शेतकरी विकतो. त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण घर हवं असणारा आणि प्लॉट हवा असणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. घरासाठी सेटलमेंट झोन ठेवलेलाच आहे. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाचांतलं एक घर रिकामं आढळलं होतं. म्हणजे कमतरता भिंतींची नव्हती. घरं कुलपात आहेत, किल्ल्या दिल्लीत, मुंबईत, बेळगावात आहेत, आणि गावातला मुलगा भाड्याने राहतो. आमच्यासारख्यांनी भाव चढवला म्हणून राहतो. आम्ही शेताचं सेटलमेंट करून घेतलं, तरी ते त्याच्यासाठी होत नाही.

भातशेती राखायला २०२३मध्ये गोव्यानेच आणखी एक कायदा केला: शेतकरी नसलेल्याला भाताचं शेत विकण्यावर निर्बंध. त्याच वर्षी १७(२) आलं. एका हाताने कडी लावली, दुसऱ्याने खिडकी उघडली. आमच्या एजंटकडे या निर्बंधावरही ‘व्यवस्था’ होती. ती काय, हे मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याची मला अजून लाज वाटते.

बेळगावकरांनी गोव्याकडे बोट दाखवून हात झटकायचे कारण नाही. कर्नाटकात २०२०मध्ये भूसुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढून टाकली. शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पूर्वी बासमतीचा वास यायचा, तिथं आता कुठं वीट, कुठं बोर्ड. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी पिकात शिरतं आणि आपण गॅलरीतून बघत म्हणतो, “काय बाई नुकसान झालं शेतकऱ्यांचं!” नाल्याचा काठ कुणी भरला, तिथं कुणाकुणाचे प्लॉट आहेत, हे आपापल्या कपाटातल्या फायली उघडून बघावं. माझ्या कपाटातही एक फाईल निघाली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट होती ती. मी तेव्हा पेढे वाटले होते.

आणि इथं मी फक्त तुमच्याशी, बायकांशी बोलते. जमिनी आपल्या नावावर का घेतल्या जातात? प्रेम असेल, सोय असेल, हिशोब असेल. कारण काही असो, कागदावर सही आपली असते. नवऱ्याने ठरवलं, दिराने पैसे घातले, एजंटने जागा शोधली. पण कर्म बांधलं जाणार ते सही करणाऱ्याचंही. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, कृत-कारित-अनुमोदना, तिन्ही आपण रोज म्हणतो. ‘मला काय कळतंय त्यातलं’ हे अनुमोदनच आहे. स्वयंपाकघरात बटाट्याची साल शिरू न देणारी बाई आपल्या नावावर दोन एकर शेताचा जीव जाऊ देते आणि म्हणते, बाहेरचं ते बघतात.

तेव्हा सहीआधी विचारा. फार शिकलेलं असावं लागत नाही त्याला. आराखड्यात या जमिनीचा झोन काय आहे, त्याचा दाखला दाखवा. झोन बदलला असेल तर कधी, कुठल्या कलमाखाली, आधी काय होता? उताऱ्यावर पीक काय लागलंय? पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? आणि जमीन मार्गशीर्षात बघू नका. श्रावणात बघा. गुडघाभर पाण्यात भात उभं असलेलं बघा, रात्री थांबून बेडकांचा आवाज ऐका, मग सही करता येते का बघा. आपल्या गावात भूवापर बदलाची नोटीस लागली आणि हरकतींची मुदत दिली, तर मंडळाच्या लेटरहेडवर हरकत लिहा. आपण अहिंसेच्या रॅलीचे फलक रंगवतो, एक अर्ज लिहायला काय होतं? चातुर्मासात नियम घेताना भाज्यांच्या आधी क्षेत्र आणि वास्तू लिहा. आकडा घाला. तो आकडा आपल्या नवऱ्यांना, मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा.

मी काय केलं तेही सांगते, कारण नुसता उपदेश ऐकून घ्यायची आपल्याला सवय नाही. परतताना आम्ही कुडणे गावात थांबलो होतो. तिथं जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. चिऱ्याच्या भिंती, वर झाडोरा, आजूबाजूला हिरवं. एकेकाळी आपली माणसं याच मातीत राहिली, इथंच त्यांनी जिनबिंब बसवलं. मग ती कुठं गेली कोण जाणे. मंदिर पडलं, पण खालचं शेत पिकतच राहिलं. मला तिथं इतकं ओशाळं वाटलं की हात जोडले तरी डोळे वर होईनात. घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, मी सही करणार नाही. इसार दिलेला होता. तो बुडाला. आठ दिवस घरात बोलणं नव्हतं. त्या चार जोडप्यांतल्या दोघींनी आता मला भिशीतून वगळलंय. म्हणतात, तुझ्यामुळे सौदा मोडला.

सौदा मोडला नाही. आमचा वाटा दुसऱ्या कुणी घेतला असेल. शेत माझ्या एका सहीने वाचत नाही, हे मला कळतं. पण क्षमावाणीच्या दिवशी आपण चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या सर्व जिवांची क्षमा मागतो, तेव्हा निदान त्या ओहोळातल्या बेडकाचं नाव घेताना माझा आवाज अडखळू नये, एवढीच माझी धडपड. बेळगावच्या त्या फाईलचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. घरात रोज त्यावर वाद होतो. यंदा तिथं भात लावायला माणूस बघितलाय.